घाटाची वही



सातचं व्याख्यान सात चाळीसला सुरू होतंय, पण त्याचा दोष मी संयोजकांना देणार नाही. चाकणचा तळेगाव चौक ओलांडून जो इथे वेळेवर पोचला असेल, त्याचा सत्कार खरं तर माझ्या आधी व्हायला हवा. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यात बाराव्या सेकंदाला निकाल लागतो. आमच्या याच खेड तालुक्यातला माणूस एका चौकात पाऊण तास उभा असतो, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मला सातवीला इतिहास शिकवायचे. चैत्र लागला, यात्रांतल्या बैलगाडा शर्यती सुरू झाल्या, की आमचा वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. हजेरी घेताना गुरुजी गैरहजर पोराचं नाव दोनदा पुकारायचे आणि मग मागच्या बाकाला विचारायचे, "कुठल्या घाटाला गेलाय?" घाटाचं नाव कळलं की ते पेन्सिलीने हजेरीपटाच्या कडेला लिहीत. रागवायचे, छडीही मारायचे, पण घाट लिहून ठेवायचे. या मुलुखातला बैलगाड्याचा एखादा तरी अस्सल लेखी पुरावा त्या हजेरीपटांत असणार, असं मला आता वाटतं. आजचं सगळं बोलणं त्या पेन्सिलीच्या अक्षरांभोवती आहे.

विषय सुचला तो मात्र फार लांबून. माझा भाचा नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो. मागच्या वर्षी तो कामासाठी व्हिक्टोरिया राज्यातल्या गव्हाच्या मुलखात गेला होता. गाव कसलं, एक धान्याची उंच कोठी, एक पेट्रोलपंप, एक खानावळ आणि एक लंबगोल मैदान. तिथे त्यांचा स्वतःचा फुटबॉल खेळतात. चेंडू लांबट, एका बाजूला 18 खेळाडू, हाताने झेलायचा आणि पायाने मारायचा. मेलबर्नच्या क्लबाने त्याचे नियम 1859 साली कागदावर उतरवले. खेड्याखेड्यांतले क्लब एकत्र येऊन आपापली लीग चालवतात आणि त्याच दिवशी बाजूच्या कोर्टावर बाया-मुली नेटबॉल खेळतात. शेतीत यंत्रं आली, माणसं शहरात गेली, शाळा बंद पडली, की दोन गावांचे क्लब एक होतात आणि दोन्ही गावांची नावं जोडून नवं नाव घेतात. भाच्याने मला मॅचचा फोटो पाठवला नाही. पाठवला तो क्लबाच्या भिंतीवरच्या फळ्यांचा. लाकडी फळ्या, त्यांवर सोनेरी अक्षरांत दरवर्षीचा कप्तान, चिटणीस, वर्षातला उत्तम खेळाडू. महायुद्धाच्या वर्षांत खेळ झाला नाही, तर तेवढ्या ओळी कोऱ्या सोडलेल्या. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, आपल्या घाटाला असा फळा कुठे आहे?"

नाही. कुठेच नाही.

सभागृहात कंपन्यांतली मंडळी बरीच दिसतात. लातूर, अमरावती, जळगावकडून येऊन इथे घरं केलेली. तुमच्याकडे शंकरपट असेल. सातारा-सांगलीकडच्यांनी सपाट रानात, गाडीवर माणूस बसवून पळवलेल्या गाड्या पाहिल्या असतील. आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर भागातला बैलगाडा त्याहून निराळा. चार बैल, दोन पुढे, दोन मागे. गाडा हलका, लाकडी, आणि पळताना त्यावर कोणी बसत नाही. पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार. बैल तिच्या मागे चढाला लागतात. ही चढाची सरळ मातीची वाट म्हणजे घाट. खाली गाडा सुटतो, वर निशाण पडतं. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणायचं. दोन गाडे शेजारी पळत नाहीत. प्रत्येकाची झुंज घड्याळाशी. चांगला गाडा अकरा-बारा सेकंदांत वर जातो. त्या वेळी निवेदकाच्या तोंडून निघणारा 'भिर्रर्र' हा आवाज लिहून दाखवता येत नाही, आणि मी या वयात इथे काढूनही दाखवणार नाही. वर पोचलेले बैल धरायला दहा-बारा गडी उभे असतात, भंडारा उधळला जातो, आणि तोवर खाली पुढचा गाडा जुंपलेला असतो. दिवसातला सगळ्यात कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा.

आता याला लीग म्हणायचं का? कार्यालय नाही, शिक्का नाही, वर्गणीची पावती गावापुरती. पण वेळापत्रक पाहा. ऑस्ट्रेलियातल्या लीगला सामने लावायला चिटणीस लागतो. आमचे सामने पंचांगाने लावले. प्रत्येक गावाचा देव निराळा, कुठे भैरवनाथ, कुठे खंडोबा, कुठे हनुमान, आणि प्रत्येकाच्या यात्रेची तिथी ठरलेली. म्हणून शेजारशेजारच्या गावांचे घाट सहसा एकमेकांवर येत नाहीत. आज या गावात पळालेला गाडा दोन दिवसांनी पलीकडच्या गावात टोकन घेऊन उभा. गुढीपाडव्यापासून ज्येष्ठाच्या तोंडापर्यंत हा फेरा चाले. निमगावचा खंडोबा, मावळातलं नाणोली ही नावं ज्यांच्या घरात गाडा होता त्यांना पंढरपूर-आळंदीइतकी पाठ. निमंत्रण, परतफेड, मानपान, रुसवे, आणि 'त्यांच्या घाटाला आपला गाडा नाही न्यायचा' असे पिढीजात बहिष्कार. या सगळ्याला मी लीगच म्हणेन, आणि ती पंचांगाने चालवली.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आमच्या आणि आसपासच्या पाच-सात गावांच्या घाटाला घड्याळावर बसत. आमच्याकडे गाडा कधीच नव्हता. दोन बैल होते ते नांगराचे. म्हणूनच आबांना बोलावत असतील. ज्याचा गाडा नाही तो घड्याळात हात मारणार नाही. त्यांच्याकडे एक वही होती. लाल कापडी पाठीची, लांबट, किराणावाल्याची खातेवही असते तशी. पानावर चार रेघा मारलेल्या. पहिल्या रकान्यात टोकन नंबर, दुसऱ्यात गाडामालक आणि गाव, तिसऱ्यात सेकंद. चौथ्या रकान्याला वर नाव नव्हतं. त्यात आबा बारीक अक्षरात लिहीत: जू तुटलं. घोडी आडवी. माणूस मधे आला, बारी बाद. मालक भांडला, पुन्हा सोडला. पाऊस, खेळ थांबला. एका पानावर नुसतं 'डावा बैल लंगडला, मालकाला सांगितलं, ऐकलं नाही' असं होतं. या ओळीकडे मी नंतर येतो.

ती वही आज माझ्याकडे नाही. जुनं घर पाडलं तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली काढलं. भांडी भंगारात, कागद रद्दीत. आबा तोवर गेले होते. वही हातात घेतली होती, दोन पानं चाळलीही होती, आणि वाळवीने कडा खाल्ल्यात म्हणून गठ्ठ्यात टाकली. रद्दी किलोने गेली. सोळा-सतरा वर्षांच्या घाटांची नोंद मी किलोच्या भावाने विकली. इतिहासावर भाषण देणाऱ्याने हे आधी सांगितलेलं बरं.

आबांच्या वहीच्या आधी आणि नंतर हा मुलूख किती बदलला, ते तुम्हाला ठाऊक आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, आलं, पाठोपाठ टेल्को, बजाज. 11 ऑक्टोबर 1982 ला पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. 1997 साली चिखली, मोशी, चऱ्होली ही गावं हद्दीत गेली. 1999 साली बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, दहा वर्षांनी फोक्सवॅगन आली. शहाण्या माणसांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं की आता बैल संपला, गाडा संपला. बैल खरंच संपला, पण नांगराचा. ट्रॅक्टर आला आणि आमच्या दावणीचे ते दोन साधे बैल चाकणच्या शनिवारच्या बाजारात गेले, ते परत आले नाहीत.

शर्यतीचा बैल मात्र वाढला. जमिनीचे पैसे आले. कुणी बंगला बांधला, कुणी डंपर घेतले, आणि ज्याच्या बापाची घाटाच्या कडेला उभं राहून बघण्यापलीकडे ऐपत नव्हती, त्याने खिलार खोंड आणला. गाडामालक ही पूर्वी दोन-चार पाटलांच्या घरांची मिरासदारी होती. ती एमआयडीसीच्या पैशाने मोडली. कारखान्याने खेळ मारला असं म्हणणारा घाटाला गेलेला नसतो. कारखान्याने खेळाला पैसा दिला, आणि त्याची मूळ जागा घेतली. गायरानातले घाट कंपाउंडच्या भिंतींत गेले. शेतकऱ्याच्या घरचा बैल हा शेतकऱ्याच्या घरचा राहिला नाही. तो लाखांत विकत आणायचा, दूध-अंडी घालून पोसायचा आणि वर्षातून काही सेकंदांपुरता पळवायचा प्राणी झाला. बक्षीस नारळ-पटक्यावरून ढालीवर, ढालीवरून मोटारसायकलवर गेलं.

इथे भोसरीची मंडळी आहेत म्हणून एक तुलना करतो. त्याच मातीतला दुसरा खेळ कबड्डी. हुतूतू म्हणून गावोगाव, गावागणिक वेगळ्या नियमांनी खेळला जायचा. मग कोणीतरी बसून नियम एक केले, छापले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो तिथे करून दाखवला. बुवा साळवींसारख्या माणसाने आयुष्यभर संघटना, पंच, गुणपत्रक यांचा पिच्छा पुरवला. 1972 साली अखिल भारतीय फेडरेशन उभं राहिलं, 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदक लागलं. बुवांचा जन्मदिवस, 15 जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. भोसरीच्या पोराला मैदानावरून नोकरी मिळते ती त्याच्या चढाईमुळे, हे खरंच. पण चढाई झाली होती हे सांगणारा कागद त्याच्या हातात असतो म्हणूनही मिळते. बैलगाड्याला बुवा साळवी मिळाले नाहीत. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा खेळ, आणि गेल्या वर्षीचा घाटाचा राजा कोण यावर पारावर मारामारी.

आणि मग एक दिवस कागद मागणारा समोर आला. तोही साधासुधा नाही.

11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलाला अस्वल, माकड, वाघ यांच्या यादीत नेऊन बसवलं. ज्या प्राण्यांचे खेळ करून दाखवायचे नाहीत, अशी ती यादी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि आपला बैलगाडा एकाच निकालात आले. 7 मे 2014 ला न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती घोष यांनी दोन्हींवर बंदी घातली. त्या निकालात म्हटलं आहे की बैलाच्या शरीराची घडण घोड्यासारखी पळण्याची नाही. आमच्या गावात हे वाक्य वाचून लोक हसले. मी हसलो नाही. आपल्या बाजूने कोर्टात मांडायला काय होतं? परंपरा आहे, चारशे वर्षांची आहे, असं आपण सांगत होतो. चारशे कशी? तर आजोबा सांगायचे. वही दाखवा म्हटलं तर वही रद्दीत.

पुढचं लवकर सांगतो, बरंचसं तुम्ही रस्त्यावर उभं राहून पाहिलंय. 7 जानेवारी 2016 ला केंद्राने सूट दिली, पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. 2017 साली चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी तरुण बसले, तमिळनाडूने कायदा बदलला, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही प्राणी क्रौर्य कायद्यात आपली दुरुस्ती केली; पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्यांना स्थगिती दिली. इकडे राज्य सरकारने पशुवैद्यक तज्ज्ञांकडून बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर अहवाल करून घेतला. हा मला सगळ्या कहाणीतला फार बोलका प्रसंग वाटतो. ज्या मुलखात शेकडो घाटांवर हजारो बाऱ्यांचे सेकंद मोजले गेले, त्याला बैल पळतो हे सांगायला नवा अहवाल लिहून घ्यावा लागला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आपल्या खेळाबद्दलचं सगळ्यात लांब, सगळ्यात काळजीपूर्वक केलेलं लिखाण आज कुठे सापडतं? त्या निकालपत्रांत. तेही इंग्रजीत, आणि बरंचसं आपल्या विरुद्ध.

विरुद्ध आहे म्हणून ते खोटं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. इथे गाडामालक बसलेत, त्यांना राग आला तरी चालेल. शेपटी पिरगाळणं, चावणं, खिळ्याची काठी, बॅटरीचा झटका, हे आपल्या घाटांवर झालेलं आहे. उधळलेला गाडा माणसांत घुसून माणसं गेलेली आहेत. आबांच्या चौथ्या रकान्यातली ओळ आठवा: मालकाला सांगितलं, ऐकलं नाही. कोर्टाने जे 2014 साली सांगितलं, ते एका घड्याळवाल्याने आमच्या गावात कितीतरी आधी शाईने लिहून ठेवलं होतं. गावानेच तो रकाना वाचला असता, तर पुढचा निम्मा खटला टळला असता असं माझं मत आहे. आज नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धाव हजार मीटरपलीकडे नाही, काठी-चाबूक नाही, आणि मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम चांगले आहेत. ते पाळले गेले की नाही हे लिहिणारा चौथा रकाना मात्र आजच्या छापील पत्रकात नाही.

बंदी उठली आणि खेळ परत आला तो वेगळ्याच मापाचा होऊन. 2022 च्या मे महिन्यात चिखलीत जाधववाडीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस होतं जेसीबी. जेसीबी! माझ्या मनात पहिला विचार आला तो वाईट होता: हेच यंत्र उद्या एखाद्या गावचा घाट सपाट करील. नंतर वाटलं, आपण म्हातारे झालो. लोकांना आनंद झाला होता, आठ वर्षं दाबून ठेवलेला. पोरांनी हातात मोबाइल धरून प्रत्येक बारी जगाला दाखवली. निशाणापाशी आता सेन्सर असतो, फलकावर आकडा झळकतो, आबांसारख्याच्या अंगठ्यावर कुणाला संशय घ्यावा लागत नाही. पण संध्याकाळी मंडप उतरला की तो आकडा जातो कुठे? व्हिडिओ राहतो, त्यावर गाणं चढवलेलं असतं, तारीख नसते, गावाचं नाव चुकलेलं असतं. बैलाचं नाव मोठ्या अक्षरांत, घोडीवरच्या स्वाराचं नाव नाही. जो गडी वर्षभर त्या बैलाचं शेण काढतो त्याचं तर नाहीच.

मेलबर्नकडच्या त्या फळ्यावर चिटणीसाचं नाव आहे, हे मी मघाशी मुद्दाम सांगितलं. खेळाडूच्या बरोबरीने, तेवढ्याच सोनेरी अक्षरांत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती यात्रा कमिट्यांकडे आहे. तुमच्या देवळाच्या पेटीत, घड्याळावर बसणाऱ्या माणसाच्या घरी, माळ्यावर, लोखंडी कपाटाच्या तळाशी वह्या आहेत. टोकनांच्या चिठ्ठ्या आहेत, वर्गणीच्या याद्या आहेत, यात्रेची जुनी हँडबिलं आहेत. ज्यांवर घाटाची तारीख आणि बक्षीस छापलंय, अशी लग्नपत्रिकेसारखी गुलाबी पत्रकं आहेत. बंदीच्या काळातल्या मोर्चांची पत्रकंही आणा. तीही याच खेळाची आहेत. वाळवीने कडा खाल्ल्या असल्या तर तशाच आणा. पुढच्या चैत्रापासून प्रत्येक कमिटीने एक नवी वही घालावी, आणि कृपा करून तिला चार रकाने आखावेत.

गुरुजींच्या नावाच्या या वाचनालयात एक कपाट आजपासून त्यासाठी रिकामं केलं आहे. कागद ठेवायचा नसेल तर ग्रंथपाल त्याचे फोटो काढून त्याच दिवशी परत देतील. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडं असतं. सोमवारी बंद.